मदत हवी आहे: मुलांनी बहुमताने अन्यायाचा नियम केला, तो मी रद्द करू का?

खाडीकाठची बाई:

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात खाडीकाठच्या जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. सातवीचा वर्ग, पट २२. त्यातली १६ मुलं शाळेच्या बाजूच्या वाड्यांतली आणि ६ खाडीपलीकडची, होडीने येणारी. शिक्षक, वकील, पालक, ज्यांना सुचेल त्यांनी सांगा, पण जरा लवकर. सोमवारी मला वर्गासमोर उभं राहायचंय.

सातवीला नागरिकशास्त्रात संविधान आहे. ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभेची पहिली बैठक, २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० पासून अंमल, हे सगळं मुलांना तोंडपाठ. पण नियम घडतो कसा, हे पाठांतराने कळत नाही. म्हणून यंदा प्रजासत्ताक दिनानंतर मी म्हटलं, आपल्या वर्गाचं संविधान तुम्हीच लिहा. सात जणांची मसुदा समिती निवडली, बाबासाहेबांच्या समितीत सात होते म्हणून.

मुलं इतकी रंगली की मधल्या सुट्टीतही वही उघडून बसायची. पिंपावर पाणी भरताना रांग, वाचनपेटीतलं पुस्तक आठवड्यात परत, अशी कलमं झाली. एक कलम तर मला फारच आवडलं: "डब्यातल्या म्हावऱ्याच्या वासावरून कोणी नाक मुरडायचं नाही." ते एका शाकाहारी घरातल्या मुलाने सुचवलं होतं.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली आणि नवं कलम आलं: "उशिरा येणाऱ्याने त्या दिवशी मागे बसायचं आणि सुट्टीत एकट्याने वर्ग झाडायचा." हात वर करून मतदान झालं. १७ विरुद्ध ५.

आता उशिरा कोण येतं? अवस-पुनवेनंतरचे दोन-तीन दिवस सकाळी सातच्या सुमाराला मोठी सुकती, म्हणजे ओहोटी असते. होडी काठाला लागत नाही, अलीकडेच गाळात बसते. मग मुलं चपला हातात आणि दप्तर डोक्यावर घेऊन चिखल तुडवत येतात. गेल्या आठवड्यात एक मुलगा पावणेआठला आला, गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला, आणि कोणी काही बोलायच्या आत त्याने कोपऱ्यातला झाडू उचलला. माझ्याच्याने ते बघवलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून टोचते. पलीकडची मुलं सहा आणि विरोधात मतं पाच. पलीकडच्याच एका मुलीने नियमाच्या बाजूने हात वर केला होता. तिला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "बाई, मी विरोधात गेले तर लंगडीत मला कोण घेणार?"

मी नियमाचा विषय काढला तेव्हा समितीतली मुलं लगेच म्हणाली, "पण बाई, बहुमत आहे ना? तुम्हीच सांगितलंत बहुमताने ठरतं." बरोबर आहे, मी तेवढंच सांगितलं होतं. हक्कांचा पाठ नंतर घेऊ म्हणून मागे ठेवला, ही माझी चूक.

मी नियम पुसून टाकला, तर शेवटी बाईंच्याच मनात येईल ते होतं, हेच मुलं शिकणार. ठेवला, तर सहा मुलांना दर पंधरवड्याला समुद्राची शिक्षा. काय करू?

निवृत्त गुरुजी, गुहागर:

बाई, पुसू नका. मुलांनी मनापासून केलेलं काम मोठ्यांनी एकदा मोडलं की ती पुढच्या वेळी तुमच्या तोंडाकडे बघून हात वर करतील. पण शिक्षा ताबडतोब थांबवा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई आहे. तो कायदा वर्गाच्या वहीच्या वरचा आहे. हे मुलांनाही सांगा, कारण नियम करणाऱ्यावरही नियम असतो हे त्यांना कधीतरी कळायलाच हवं.

फणसगरा:

मला नाही पटत. शिस्त नको का? उशिराला काहीच शिक्षा नाही म्हटल्यावर शाळेशेजारी राहणारी पोरंपण आठला उगवतील. त्यापेक्षा दोन तृतीयांश मतांची अट घाला, आपल्या घटनेतही आहे.

काळा कोट, रत्नागिरी:

फणसगरा, जरा हिशोब करून बघा. २२ चे दोन तृतीयांश म्हणजे १५ मतं. अलीकडची मुलंच १६ आहेत. तेव्हा नुसता आकडा वाढवून हे सुटत नाही.

बाईंच्या वर्गात क्रम उलटा झालाय. संविधान सभेने कलमांना हात घालण्याआधी उद्दिष्टांचा ठराव केला. तो १३ डिसेंबर १९४६ ला मांडला गेला, २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. कुठे जायचंय हे आधी, कसं जायचं हे नंतर. मूलभूत हक्क आणि अल्पसंख्याकांचे प्रश्न यांसाठी सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखाली वेगळी सल्लागार समिती होती. आणि घटनेचं कलम १३ सांगतं की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्दबातल. बहुमताने केला असला तरीही. घटनादुरुस्ती कलम ३६८ ने करता येते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून संसदेलाही घटनेच्या मूळ गाभ्याला हात लावता येत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा सभेपुढे ठेवताना बाबासाहेबांनी अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची बाजू ठामपणे घेतली होती. अल्पसंख्याकांशी भेदभाव न करणं हे बहुसंख्यांचं कर्तव्य आहे, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांचं मूळ गाव आंबडवे तुमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. मुलांना एकदा घेऊन जा.

तर मुलांकडून आधी चार-पाच हक्क लिहून घ्या. ते लिहिताना प्रत्येकाने स्वतःला होडीत बसवून बघायचं, एवढी एकच अट. मग ज्याला नियम खुपतो त्याला दाद मागू द्या. आपल्याकडे कलम ३२ ने थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, वर्गातही तसं एखादं दार हवं. नियम मोडीत काढायचा की नाही ते मुलांच्या न्यायमंडळाने ठरवावं, बाईंनी नाही. आणि हात वर करून मतदान बंद करा. त्या मुलीचं मत गेलं ते तिथेच.

खाडीकाठची बाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारी काय झालं ते लिहिते.

शिक्षेला स्थगिती दिली, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ वाचून दाखवलं. मुलांनी ऐकून घेतलं. मग चिखलवाल्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं. त्याने खाडी काढली, गाळाचा पट्टा काढला आणि त्याच्या आजोबांचं गणित मांडलं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे मिळते. चतुर्थी म्हणजे चार, त्याचे पाऊण तीन, भरती तीनच्या सुमाराला. भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, सुकती तिच्यामागोमाग. मग मुलांनी कालनिर्णय आणि हजेरीपट शेजारी ठेवले. त्या मुलांचे उशिराचे जवळजवळ सगळे दिवस प्रतिपदा ते तृतीयेत निघाले. वर्ग एकदम गप्प झाला. नियम सुचवणारी मुलगीच म्हणाली, "हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

फणसगरा, तुमची शंकाही वर्गात मांडली. शाळेशेजारच्यांना उशिराबद्दल काय करायचं, त्यावर अजून वाद चाललाय.

आतापर्यंत चार हक्क लिहून झालेत. पहिला: "जे आपल्या हातात नाही त्याची शिक्षा कोणाला नाही." बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोक पाडून मतपेटी केली. न्यायमंडळासाठी २२ चिठ्ठ्या टाकून तीन उचलल्या, आणि तिन्ही नावं अलीकडच्या मुलांची निघाली. पलीकडची मुलं काही बोलली नाहीत. सुनावणी शुक्रवारी आहे.

काळा कोट, चिठ्ठ्या परत टाकायला लावू का? की एक जागा पलीकडच्यांसाठी राखून ठेवा, असं मुलांनाच सुचू द्यावं? शुक्रवारच्या आत सांगाल का?