विषय: गॅरेजच्या जमिनीवर लेप द्यावा की काँक्रीट उघडेच ठेवावे?

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मिशिगनमधील आमचे घर १९७० च्या दशकातील असून त्याला लागूनच दोन गाड्यांचे गॅरेज आहे. रस्त्यावरचे मीठ आणि बर्फ गाड्यांबरोबर आत येऊन जमिनीचे पोपडे निघू लागले आहेत. शिवाय दिवाळीच्या फराळाचे तळण आम्ही तिथेच करत असल्यामुळे तेलाचे डागही पडले आहेत. इपॉक्सीचा (दोन रसायने मिसळून कडक होणाऱ्या राळेचा) लेप द्यावा, एकमेकींत अडकवण्याच्या प्लास्टिकच्या टाइल्स घालाव्यात की काँक्रीट आहे तसेच ठेवावे, याविषयी कृपया अनुभव कळवावेत.

---

सप्रेम नमस्कार.

लेप कोणता द्यावा हे ठरवण्याआधी आपल्या जमिनीला खालून ओल येते का, हे पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या आधीच्या घरी आम्ही ते न पाहता स्वतःच इपॉक्सी लावले होते. पहिला हिवाळा उत्तम गेला. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात गाडी मागे घेताना तळहाताएवढा एक तुकडा पुढच्या टायरला चिकटून निघाला. तो उलटा करून पाहिला, तर खालची बाजू ओलसर होती, तिच्यावर पांढरी भुकटी होती आणि काँक्रीटचा एक कणही चिकटलेला नव्हता. लेपाने जमीन नीट पकडली असती, तर निघताना त्याने थोडे काँक्रीट सोबत आणले असते. आमच्या लेपाने ती कधी धरलीच नव्हती.

जुन्या घरांत काँक्रीटखाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असेलच असे नाही, आणि तो नसेल तर मातीतली ओल वाफेच्या रूपाने सतत वर येत राहते. उघड्या काँक्रीटमधून ती निघून जाते, पण वर अभेद्य थर असला की त्याखाली कोंडून त्याला उचलते. म्हणून १८ इंच लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून किमान १६ तास ठेवावा. खाली थेंब दिसले किंवा काँक्रीट काळपट पडले, तर इपॉक्सीचा विचार सोडावा. पॉलिअस्पार्टिक नावाचा दुसरा लेप काही तासांत वाळतो आणि उन्हाने पिवळा पडत नाही हे खरे, परंतु ओलीवर तोही उपाय नाही.

जमीन कोरडी निघाली, तरी खरी मेहनत लेपाआधीची असते. पोपडे काढून, खड्डे बुजवून, पृष्ठभाग यंत्राने घासून खरखरीत करावा लागतो, आणि वितळलेल्या बर्फावर पाय घसरू नये म्हणून लेपात बारीक खडी मिसळावी लागते.

टाइल्स घालणे सोपे आहे, पण मिठाचे पाणी सांध्यांतून खाली जाते आणि दर वसंतात त्या उचलून धुवाव्या लागतात. शिवाय त्या जळाऊ असल्याने तळण चालते तिथे त्या नकोतच. किंबहुना गॅसची शेगडी गॅरेजमध्ये पेटवूच नये, कारण दार उघडे असले तरी कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो.

काँक्रीट उघडे ठेवायचे म्हणजे काहीच करायचे नाही, असे मात्र नव्हे. छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि वरचा थर सुटतो. सिलेन-सिलोक्झेनचा सीलर काँक्रीटमध्ये मुरतो, बाहेरचे पाणी अडवतो आणि आतली वाफ जाऊ देतो. त्याने जमीन चकचकीत होत नाही, तेलाचे डागही पुरते थांबत नाहीत. तरीही आमच्या सध्याच्या घरी मी तोच निवडला आहे.

---

सप्रेम नमस्कार.

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. शनिवारी दोन ठिकाणी प्लास्टिक चिकटवले होते. दाराजवळची जागा कोरडी राहिली, परंतु स्वयंपाकघराच्या भिंतीलगत रविवारी सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब जमले होते. त्यामुळे इपॉक्सीचा बेत रद्द केला आहे. तेलाचे डाग धुऊन, जमीन नीट वाळवून सीलर लावू आणि यंदाचे तळण मागच्या अंगणात करू.