नाशिकहून पक्षी पाहायला कुठे जावं? सोबत गुडघेदुखीवाले वडील आणि नऊ वर्षांची मुलगी

इंदिरानगरवाली:
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत आठवडाभर बाहेर पडायचं ठरतंय. या वेळी अट एकच, फक्त पक्षी बघायचे. गेल्या थंडीत नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर गाइडदादांनी मुलीला स्कोपमधून, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतून, जांभळी पाणकोंबडी दाखवली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. वहीत पाणकोंबडी, भिंतीवर पाणकोंबडी, डब्याच्या झाकणावरही पाणकोंबडी.

माझे वडील येणार आहेत. वय ७२, उत्साह दांडगा, पण गुडघे साथ देत नाहीत. खाली बसणं बंद, चढ नको. नवऱ्याला पक्ष्यांशी काही देणंघेणं नाही, त्याला जेवण चांगलं मिळालं म्हणजे झालं. भरतपूर, केरळातलं थट्टेकाड आणि ओडिशातलं मंगलाजोडी अशी तीन नावं काढली आहेत. जातींच्या यादीवरून मन थट्टेकाडकडे झुकतंय. विमान नको, रेल्वे चालेल. जाऊन आलेल्यांनी सांगा.

कडवाकाठ:
ताई, ती यादी आधी बाजूला ठेवा. यादीतले पक्षी तिथे असतात, आपल्याला दिसतीलच असं नाही. मी निफाड तालुक्यातला, द्राक्षं करतो, म्हणजे पक्ष्यांच्या ऐन हंगामात बागेत अडकलेला माणूस. धाकटा भाऊ बाग सांभाळतो म्हणून अधूनमधून सटकता येतं.

थट्टेकाड म्हणजे दाट जंगल. पक्षी शेंड्यावर, पानांआड. आवाज येत राहतो आणि आपण मान वर करून शोधत राहतो. मुरलेल्या माणसासाठी स्वर्ग आहे, वादच नाही. बेडूकतोंड्या नावाच्या पक्ष्याची जोडी दिवसा फांदीवर वाळक्या पानांसारखी चिकटून बसते, गाइडने बोट दाखवलं तरी पटकन सापडत नाही. पण पाणकोंबडीवर जीव जडलेल्या पोरीला तिथे तासाभरात कंटाळा येईल. जाणं मात्र सोपं. मंगला एक्सप्रेस नाशिकरोडहून थेट एर्नाकुलमला नेते, तिथून पुढे कोठमंगलममार्गे गाडी करायची.

मंगलाजोडी माझं सगळ्यात लाडकं. चिलिका सरोवराच्या उत्तर काठावरचं गाव. एकेकाळी इथली माणसं पक्षी मारून विकायची, आता त्यांच्यातलेच काही जण नाव चालवतात आणि पक्षी दाखवतात. मोटार नाही, बांबूने रेटत गवतातल्या पाणवाटांनी नेतात. गॉडविट, शेकाटे असे लांब पायांचे पाणपक्षी इतक्या जवळ येतात की दुर्बीण खाली ठेवावी लागते. पण नाव बुटकी असते, गुडघे पोटाशी घेऊन दोन-तीन तास बसायचं. तुमच्या वडिलांना नको. माझं वय त्यांच्याहून कमी आहे, तरी उतरताना मला नावाड्याचा हात लागतो.

राहिलं भरतपूर, आणि तुम्हाला तेच सांगेन. हीच मंगला उलट्या दिशेने पकडायची, मथुरेला उतरायचं, पुढे चाळीस किलोमीटरही नाही. केवलादेव उद्यान २९ चौरस किलोमीटरचं, सगळं सपाट. मधून डांबरी रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना पाणी. आत सायकलरिक्षा मिळते आणि रिक्षावाल्यांपैकी कितीतरी जण पक्षी पक्के ओळखतात. झाडाच्या ढोलीत घुबड आहे हे त्याला आपल्याआधी माहीत असतं, आपण फक्त बोटाच्या दिशेला बघायचं. वडील रिक्षातून न उतरता सारस बघतील. आपल्या राज्यात सारस बघायचा तर गोंदियाकडे जावं लागतं. चित्रबलाक, पट्टकादंब, बदकं, थंडीत उन्हाला पडलेले अजगर, मुलीची वही भरेल.

उद्यानातल्या केवलादेवाच्या देवळाजवळ शिकारीचे आकडे कोरलेले दगड आहेत, ते वडिलांना जरूर दाखवा. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. आणि सायबेरियन क्रौंच बघायच्या आशेने जाऊ नका, २००२ नंतर तो तिथे दिसलेला नाही.

आता अडचण. नाताळात जाऊ नका. त्या दिवसांत उत्तरेत धुकं असं पडतं की दहा वाजेपर्यंत रिक्षावाल्याची पाठसुद्धा धूसर दिसते. गाड्या उशिरा, सकाळ वाया, आणि पक्षी बघायची वेळ तर सकाळचीच. फेब्रुवारीचा पहिला आठवडा उत्तम. शाळा चार दिवस बुडाली तर बुडू द्या. दुसरं म्हणजे पाणी. ती तळी बंधाऱ्यांतून आणि कालव्यांतून आणलेल्या पाण्यावर भरतात. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी पक्षीही कमी. हॉटेल ठरवण्याआधी तिथल्या एखाद्या गाइडला फोन करून पाणी किती आहे ते विचारा, आणि ईबर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, गेल्या पंधरवड्यातल्या नोंदी बघा.

शेकाट्या:
एवढं लांब कशाला? भिगवणला जा. सकाळी निघालात तर दुपारी पोहोचाल. कुंभारगावात कोळी मंडळींच्या घरी राहायची सोय आहे. रोहित (फ्लेमिंगो) बघा, आणि साहेबांना चुलीवरच्या जेवणासोबत तळलेली चिलापी. एकदा खाल्ली की तेच पुढच्या वर्षी विचारतील, कधी जायचं म्हणून.

कडवाकाठ:
शेकाट्या, चिलापीबद्दल तुझ्याशी भांडणार नाही. पण भिगवण उजनी धरणाच्या पाण्याकाठी, आणि नाताळात उजनी भरलेली असते, त्यामुळे काठाची उथळ दलदल पाण्याखाली. रोहितांना चरायला गुडघाभर पाणी लागतं. संक्रांतीनंतर पाणी उतरायला लागलं की गंमत. भिगवण मार्चमधल्या एखाद्या शनिवार-रविवारसाठी राखून ठेवा, ताई. आठवडाभराची सुट्टी त्यात घालवू नका.

इंदिरानगरवाली:
काका, खूप आभार. फेब्रुवारीत शाळा सोडणार नाही, चाचणी परीक्षा असते. दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर? आणि दुर्बीण कोणती घेऊ? नवरा म्हणतो जितकी जास्त झूम तितकी चांगली.

कडवाकाठ:
दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा चालेल, उलट एक फायदाच आहे. पावसाळ्याअखेरीस चित्रबलाकांची घरटी भरलेली असतात आणि तोपर्यंत मोठी झालेली पिल्लं अजून घरट्यांवर कलकलाट करत असतात. मुलीला ते बदकांपेक्षा जास्त आवडेल. बदकं तेव्हा नुकती यायला लागलेली असतात, थंडीइतकी गर्दी नसेल. धुकं बहुधा नसतं.

दुर्बीण मुलीला ८ बाय ३२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ३२ मिलिमीटरचं, हलकी. तुम्हाला ८ बाय ४२. जावईबापूंना सांगा, झूमची अजिबात घेऊ नका, आणि दहापटीची हातात हलते, पोरीला पक्षी सापडण्याआधी उडून जाईल. स्कोप विकत घ्यायची गरज नाही, चांगल्या गाइडकडे असतो, ठरवतानाच विचारा. जावईबापूंच्या जेवणाची काळजी मथुरेची कचोरी घेईल. फक्त रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसा. वडिलांसाठी खालचा बर्थ मागायला विसरू नका.