मदत हवी आहे : वेल्समधल्या छोट्या टेकडीचं चुकीचं नाव दुरुस्त कसं करायचं?

घाटवाट
पोविसमधली (जुनं माँटगोमेरीशायर) साडेतीनशे मीटरच्या आतली टेकडी आहे. टेकड्यांच्या यादीत तिचं नाव 'तान-अ-वॉइल हिल' असं दिलंय. तान-अ-वॉइल हे पायथ्याच्या शेतघराचं नाव. ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या) आताच्या १:२५,००० नकाशात माथ्यावर फक्त उंची आहे. त्यांच्याच जुन्या सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशात पूर्वेच्या उतारावर 'व्रॉन' लिहिलंय. टाइद नकाशाच्या (चर्चच्या दशांशासाठी केलेल्या जुन्या जमीन-नकाशाच्या) नोंदवहीत माथ्यावरच्या जमिनीच्या तुकड्यापुढे 'वॉइल' आहे, पण इंग्रजी व्ही अक्षराने. यातलं कुठलं धरायचं, स्पेलिंग काय ठेवायचं आणि कळवायचं कुठे?

शिवेवरचा दगड
उत्तर शेतघराच्या नावातच आहे. 'तान' म्हणजे खाली, 'अ वॉइल' म्हणजे ती बोडकी, गोल टेकडी. घराला नाव टेकडीवरून मिळालं. यादी करणाऱ्याने घराचं नाव उचलून पुढे 'हिल' लावलं, म्हणजे 'डोंगरपायथा टेकडी' म्हटल्यासारखं झालं. नकाशात माथा कोरा दिसला की जवळचं घर पकडायचं, या सवयीतून अशी बरीच नावं आली आहेत.

तरी एवढ्यावर थांबू नका, टाइदची नोंद नीट तपासा. चर्चला द्यायचा दशांश १८३६ च्या कायद्याने पैशात बदलला, तेव्हा गावोगाव हे नकाशे झाले. वेल्सचे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तिथली टंकलेली नावं स्वयंसेवकांनी उतरवली आहेत, त्यात चुका राहतात. म्हणून नोंदवहीच्या मूळ पानाचं चित्र उघडून स्वतः वाचा.

नंतर तुकडा तोच आहे का ते बघा. नकाशाची वरची बाजू उत्तरच असेल असं नाही, आणि सगळे नकाशे सारखे काटेकोर नाहीत. क्षेत्रफळ एकर-रूड-पर्चमध्ये असतं. ४ रूडचा एकर, ४० पर्चचा रूड. आपल्या हिशेबात रूड म्हणजे १० गुंठे, पर्च म्हणजे पाव गुंठा. १२-२-२० असेल तर साडेबारा एकर पाच गुंठे, म्हणजे १२.६२५ एकर. ऑर्डनन्स सर्व्हेच्या जुन्या पंचवीस इंची नकाशात तुकड्याचं क्षेत्र दशांशात छापलेलं सापडलं तर ताडून बघा. कुंपणं मधल्या काळात हलली नसतील तर आकडे जवळपास जुळतात.

मोडीवाचक
स्पेलिंगबद्दल. वेल्शमध्ये एकेरी एफचा उच्चार 'व' होतो. इंग्रजी वळणाच्या कारकुनाने ऐकलं तसं व्ही लिहिलं. त्यामुळे यादीत एफनेच लिहा.

मूळ शब्द 'मॉइल', स्त्रीलिंगी. 'अ' (लिहिताना वाय) हे उपपद लागलं की स्त्रीलिंगी एकवचनी नामाचं पहिलं व्यंजन मऊ होतं: मॉइलचं वॉइल, ब्रॉनचं व्रॉन, क्रैगचं ग्रैग. आपल्याकडे सामान्यरूपात शब्दाची शेपटी बदलते, तिथे डोकं बदलतं. पुल्लिंगी 'ब्रिन' किंवा 'मनिद' मात्र उपपदानंतर तसेच राहतात. व्याकरण 'दुरुस्त' करायच्या नादात वॉइलचं मॉइल करू नका. बदललेलं रूप म्हणजे उपपद कधीतरी होतं याची खूण आहे, ती जपायलाच हवी.

ब्रॉन म्हणजे छाती, डोंगराची बाजू. सहा इंचीवर ते नाव उतारावर आहे, ते बरोबरच आहे. त्याला माथ्यावर चढवू नका.

घाटवाट
म्हणजे वॉइल. पण टाइदमध्ये उपपद नाही आणि शेतघराच्या नावात आहे. लिहायचं का? ऑर्डनन्स सर्व्हेच्या नामवह्यांत काही मिळेल?

शिवेवरचा दगड
त्या वह्यांत नाव कोणाच्या सांगण्यावरून घेतलं तेही लिहिलेलं असे. पण दुसऱ्या महायुद्धात साउदॅम्प्टनवर, जिथे सर्व्हेचं मुख्यालय होतं, झालेल्या बॉम्बहल्ल्यात इंग्लंड-वेल्सच्या बहुतेक वह्या गेल्या. ही हानी भरून निघणारी नाही. म्हणूनच आज तिथे मेंढ्या चारणाऱ्याला विचारणं इतकं मोलाचं आहे.

विचारताना नाव आपण सुचवायचं नाही. "याला वॉइल म्हणतात का?" विचारलं की भला माणूस हो म्हणून मोकळा होतो. माथ्याकडे बोट दाखवा आणि "याला तुम्ही काय म्हणता?" एवढंच विचारा. मग उतार, खिंड, वरचं कुरण यांची नावं वेगवेगळी विचारा, नाहीतर कुरणाचं नाव टेकडीला चिकटतं. दोन वेगळ्या घरांतून तेच नाव आलं तर पक्कं धरा. उपपदाचा निकालही इथेच लागतो. नाही लागला तर नाव उपपदाशिवाय ठेवा. इंग्लंडच्या सीमेकडे लोक इंग्रजी 'बँक' (म्हणजे उतार, टेकाड) म्हणत असतील तर तेच वापरातलं नाव आहे. त्याचं वेल्श भाषांतर करू नका.

मोडीवाचक
कळवताना ग्रिड संदर्भ (नकाशावरच्या चौकटींनुसार जागेचा क्रमांक), टाइदचा पॅरिश (चर्चचा गाव-विभाग) आणि तुकडा क्रमांक, नोंदवहीतलं मूळ स्पेलिंग जसंच्या तसं, आणि गावात विचारल्याची तारीख द्या. सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीशिवाय देऊ नका. आधी यादीच्या संपादकांना पाठवा, मग ऑर्डनन्स सर्व्हेला. वेल्श भाषा आयुक्तांची प्रमाण यादी गावांची आहे, टेकडीसाठी तिथे जाऊन उपयोग नाही.

ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही बदल करता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर तुम्ही स्वतःच बदलू शकता. शिखराच्या बिंदूला मुख्य नाव 'वॉइल' द्या, 'तान-अ-वॉइल हिल' पर्यायी नावात ठेवा म्हणजे जुन्या यादीवरून शोधणाऱ्याला सापडेल, आणि स्रोताच्या रकान्यात टाइदचा तुकडा क्रमांक टाका. आताच्या ऑर्डनन्स सर्व्हे नकाशावरून तिथे काहीही उतरवू नका, हक्क राखीव आहेत. छापून ५० वर्षं उलटलेले नकाशे चालतात.