अब्दुल्लाह इब्न अल-मुबारक : हदीस सांगणाऱ्याचा सच्छील स्वभाव पुरेसा होता का?

प्रश्न :
हिजरी ११८ मध्ये (इ.स. ७३६) मध्य आशियातील मर्व येथे जन्मलेले आणि हिजरी १८१ मध्ये (इ.स. ७९७) युफ्रेटिसकाठच्या हीत या गावी निधन पावलेले हदीसचे (म्हणजे पैगंबरांची वचने व आचरण यांविषयीच्या कथनांचे) विद्वान अब्दुल्लाह इब्न अल-मुबारक यांच्याविषयी सध्या वाचतो आहे. शाम (सीरिया) प्रांतात कुणाकडून तरी घेतलेली लेखणी परत करायची राहून गेली, हे मर्वला पोहोचल्यावर लक्षात येताच ते ती परत देण्यासाठी पुन्हा तिकडे गेले, अशी कथा चरित्रकार सांगतात. ती वाचून मनात प्रश्न आला, की हदीसच्या बाबतीत त्यांच्यावर जो विश्वास टाकला गेला, तो अशा सचोटीमुळेच का? म्हणजे माणूस सज्जन असला की त्याची हदीस ग्राह्य, असे त्या काळी मानत असत का? शिवाय विरक्तीवर ग्रंथ लिहिणारा हा माणूस व्यापारी होता, याची संगती कशी लावायची?

प्रतिसाद १ :
सज्जनपणा आवश्यक होता, पण पुरेसा मुळीच नव्हता, आणि ही गोष्ट सर्वांत स्पष्टपणे दाखवणाऱ्यांत इब्न अल-मुबारकच आहेत. इमाम मुस्लिम यांनी आपल्या 'सहीह' या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांचा एक अनुभव नोंदवला आहे. अब्बाद इब्न कथीर हे त्या काळचे धर्मनिष्ठ गृहस्थ, परंतु हदीस सांगू लागले की त्यांच्याकडून गंभीर चुका होत. इब्न अल-मुबारक यांनी आपले गुरू सुफ्यान अल-थौरी यांना विचारले, की यांच्याकडून हदीस घेऊ नका, असे मी लोकांना सांगावे का? गुरूंनी होकार दिला. त्यानंतर ज्या बैठकीत अब्बाद यांचा विषय निघे, तेथे ते त्यांच्या धर्मनिष्ठेची स्तुती करीत आणि त्याच वेळी त्यांच्याकडून हदीस घेऊ नका, असेही सांगत. स्मरणशक्तीतला दोष हा चारित्र्यातला दोष नव्हे, हे या एका वागण्यातून जितके उमगते तितके व्याख्यांच्या पुस्तकांतून उमगत नाही, असे माझे मत आहे.

प्रतिसाद २ :
व्यापाराविषयी सांगतो. मिळकतीचा मोठा भाग ते विद्वानांवर आणि गरजूंवर खर्च करीत. सीरियातील रक्का येथे त्यांच्याकडे नेहमी येणारा एक तरुण एकदा दिसला नाही, तेव्हा दहा हजार दिरहमांच्या कर्जापायी तो कैदेत असल्याचे त्यांना समजले. त्यांनी सावकाराला रात्री गाठून पूर्ण रक्कम दिली, आपण हयात असेपर्यंत हे कुणाला सांगणार नाही अशी शपथ त्याच्याकडून घेतली आणि ते गाव सोडून निघून गेले. सुटलेला तरुण वाटेत येऊन त्यांना भेटला, तेव्हाही त्यांनी ही गोष्ट उघड केली नाही. मला यात विरक्ती आणि व्यापार यांचा विरोध दिसत नाही. ज्याला पैशाची आसक्ती नाही त्यालाच पैसा असा हातावेगळा करता येतो.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग त्यांची कसोटी नेमकी कशावर होती? 'इस्नाद हा धर्माचाच भाग आहे. इस्नाद नसता तर ज्याला जे वाटेल ते तो बोलला असता' हे त्यांचे वचन मी वाचले आहे, पण प्रत्यक्षात ते कसे तपासत?

प्रतिसाद १ :
इस्नाद म्हणजे कुणी कुणाकडून ऐकले याची साखळी, आणि तिची प्रत्येक कडी ते विचारून घेत. याचाही दाखला त्याच प्रस्तावनेत आहे. आपल्या नमाजाबरोबर आईवडिलांसाठीही नमाज पढावा आणि आपल्या रोज्याबरोबर त्यांच्यासाठीही रोजा ठेवावा, हे पुण्य आहे, अशा आशयाची हदीस एकाने त्यांच्यापुढे मांडली. कुणाकडून, असे त्यांनी विचारले. शिहाब इब्न खिराश यांच्याकडून. ते विश्वसनीय आहेत, पण त्यांना कुणाकडून मिळाली? हज्जाज इब्न दीनार यांच्याकडून. तेही विश्वसनीय, पण त्यांना? थेट पैगंबरांकडून, असे उत्तर आले. त्यावर ते म्हणाले, की हज्जाज आणि पैगंबर यांच्या मध्ये इतकी वाळवंटे पसरली आहेत की ती ओलांडताना उंटांच्या माना मोडतील. दोन्ही माणसे विश्वासू आणि मजकूर तर आईवडिलांच्या भल्याचा, तरीही मधली माणसे गायब असल्याने त्यांनी हदीस स्वीकारली नाही. मात्र विचारणाऱ्याला रिकाम्या हाती न पाठवता त्यांनी पुढे एवढे जोडले, की आईवडिलांच्या वतीने केलेल्या दानधर्माबाबत मात्र कुणाचा मतभेद नाही.