प्रतिसाद: इन्सुलिनची पिशवी पित्तापाशी फुटते

ताई, कॅन्सरचं औषध लायपोसोममधून देतात, मग इन्सुलिनची गोळी का नाही, हा तुमचा प्रश्न रास्तच. लायपोसोम म्हणजे लेसिथिनसारख्या (अंड्याच्या बलकात असतं तेच) स्निग्ध पदार्थाची दुपदरी, अतिसूक्ष्म पिशवी. डॉक्सिल हे त्यातलं कॅन्सरचं औषध अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं, पण ते शिरेतून देतात. गोळीला पोटातून जायचं असतं आणि घोडं तिथेच पेंड खातं. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन; आपलं पोट ते इसवणाच्या (सुरमईच्या) तुकडीसारखंच पचवून टाकतं. पिशवीत घातलं, तर आतड्यातले पित्तक्षार पिशवीच फोडतात, साबणाने तेल सुटावं तसं. १९७६ मध्येच मधुमेही उंदरांना असं इन्सुलिन तोंडावाटे दिलं होतं, साखर उतरलीही. पण दर वेळी किती शोषलं जाईल याचा नेम नाही, आणि इन्सुलिन जास्त झालं की साखर धाडकन खाली. आता पिशवीला पित्तक्षारांचंच अस्तर देऊन बघतात, काट्याने काटा! सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या दुसऱ्या औषधाची गोळी मिळते, पण ते इन्सुलिन नव्हे आणि त्यात लायपोसोमही नाही.

पावसात फोंड्याला वीज गेली की आईचं इन्सुलिन गार ठेवायला मडकं काढावं लागतं, त्यामुळे ही गोळी मलाही हवीच आहे.