शेवटचा स्लॅश आणि डिलीट
एससीपी आणि आरसिंक या दोन्ही एका संगणकावरून दुसऱ्यावर फायली पाठवायच्या कमांड. या चर्चेत वर कुणी लिहिलंय, ‘एससीपी येत असेल तर आरसिंक शिकायची गरज नाही’; ते एकदोन फायलींपुरतं मान्य. पण चाळीस जीबीचं फोल्डर जाताना मध्येच कनेक्शन तुटलं, की एससीपी परत पहिल्यापासून सुरू. आरसिंक आकार आणि बदलाची वेळ जुळणाऱ्या फायली सोडून पुढे जातं. (त्यासाठी फायलींच्या मूळ वेळाही जपणारा ‘-ए’ हा पर्याय लावायचा. तो नसेल तर वेळा जुळत नाहीत आणि सगळ्या फायली पुन्हा तपासत बसतं.)

एक गोष्ट मात्र इथे कुणीच लिहिली नाही, ती म्हणजे आरसिंकच्या कमांडमध्ये स्रोताच्या, म्हणजे जे फोल्डर पाठवायचं त्याच्या, नावाशेवटचा स्लॅश. ‘फोटो’ लिहिलं तर पलीकडे ‘फोटो’ नावाचं फोल्डर तयार होतं. ‘फोटो/’ लिहिलं तर फक्त आतला माल जातो. मी एकदा स्लॅशही दिला आणि ‘--डिलीट’ही (स्रोतात नसलेलं पलीकडून खोडणारा पर्याय), आणि पलीकडे होतं सगळ्या बॅकअपचं सामाईक फोल्डर. फोटोंमध्ये जे नव्हतं ते सगळं तिथून साफ! स्लॅश नसता तर खोडाखोड ‘फोटो’च्या आतच राहिली असती. आता डिलीट वापरायचं असेल तर आधी ‘-एन -व्ही’ लावून काय काय उडणार त्याची यादी बघतो. प्रत्यक्षात त्यात काहीच हलत नाही.