चार महिन्यांच्या पिल्लाला किडनीच्या रुग्णाचं खाणं द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे शिह त्झू जातीचं पिल्लू आहे. मादी, नाव बुंदी, वय चार महिने, वजन २.१ किलो. आम्ही वाईला राहतो. तिच्या खाण्याबद्दल दोन डॉक्टरांनी दोन टोकांचे सल्ले दिलेत आणि घरात तिसराच पक्ष उभा राहिलाय, म्हणून इथे विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बुंदी पाणी फार पिते. पिल्लं पितातच, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटी औषधाच्या मापाने मोजून वाटी भरायला लागले. दिवसाला साधारण ३५० मिली जातं. आणि शू तर विचारूच नका. एक पेपर उचलून टाकायला जावं तोवर दुसरा ओला. रंग जवळजवळ नळाच्या पाण्यासारखा, वास नाहीच. झोपेत मात्र गळत नाही, अंथरूण कोरडं असतं. कुंथणं, रक्त, सारखं चाटणं यातलं काही नाही. भूक एक दिवस बरी, एक दिवस नाही. सकाळी कधीकधी पिवळा फेस ओकते. बाकी चपला पळवते, पडद्याला लोंबकळते, मलूल अजिबात नाही. पण हिच्याच वेतातली दुसरी पिल्लं फोटोत हिच्या दीडपट दिसतात.

खाणं असं: सकाळी पपीचं ड्राय फूड भिजवून, दुपारी भात आणि उकडलेलं चिकन, रात्री सासूबाईंच्या हातची दूध-पोळी. शिवाय ब्रीडरने सांगितलेलं कॅल्शियमचं सिरप दोन वेळा. त्यात ड जीवनसत्त्वही आहे.

रिपोर्ट: क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.९, बीयूएन (रक्तातला युरिया) ५८, फॉस्फरस ८.१, हिमोग्लोबिन ९.६. लघवीत स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (घनता) १.०१०, प्रोटीन ट्रेस, पस सेल्स (पुवाच्या पेशी) नाहीत. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान आणि आतल्या-बाहेरच्या थरांमधली सीमा नीट दिसत नाही, असं लिहिलंय.

एका डॉक्टरांनी सांगितलं की प्रोटीन पूर्ण बंद, मोठ्या कुत्र्यांचं किडनीचं खाणं मिळतं तेवढंच द्या. दुसरे म्हणाले, वाढीचं वय आहे, खाण्याला हात लावू नका, अँटिबायोटिकचा कोर्स करू. सासूबाईंचं म्हणणं, जवाचं पाणी आणि गोखरूचा काढा द्या, माणसाच्या मुतखड्याला हेच लागू पडतं. शेजारचे काका सांगतात, रात्री पाण्याची वाटी उचलून ठेवा, आपोआप सवय लागेल.

मला कळत नाहीये ते एवढंच: जिची हाडंमांस अजून बनतायत तिचं प्रोटीन तोडायचं का? आणि तोडायचं तर किती? कोणाचा अनुभव असेल तर सांगा. इथे पशुवैद्य असतील तर फारच बरं.

— कृष्णाकाठ

शेरूची आई:
ताई, आमच्या लॅब्राडॉर मादीलाही लहानपणी असंच होतं, पण तिची गळती सतत चालायची. झोपून उठली की खाली ओलं, मागचे केस कायम चिकट. तिची मूत्रनलिका मूत्राशयाला जोडण्याऐवजी पुढे भलतीकडेच उघडत होती, जन्मजात. ऑपरेशन झालं, आता ठणठणीत आहे. तुम्ही लिहिलंय की झोपेत गळत नाही, म्हणजे हे नसावं. पण सोनोग्राफी करणाऱ्याला विचारून घ्या.

खोडरबर:
लेप्टो असेल, उंदरांच्या लघवीतून पसरतो तो आजार. पाऊसकाळ आहे, उंदीर असतात. लस झालीय का?

कृष्णाकाठ:
पहिली एकत्रित लस ब्रीडरकडे झाली, पण त्यात लेप्टो नव्हता. ताप नाही, कावीळ नाही. पाणी पिणं मात्र ती घरी आल्यापासूनचंच आहे, पावसाच्या आधीपासून.

गोठा-दवाखाना:
मी पशुवैद्य आहे, मुख्यतः गाईम्हशींचा, पण गावात कुत्री-मांजरंही माझ्याच गळ्यात असतात. पिल्लू हातात न घेता निदान करता येत नाही हे धरून वाचा.

आधी तुमचे आकडे. लॅबच्या कागदावर क्रिएटिनिनपुढे जी नॉर्मल रेंज छापलेली असते ती मोठ्या कुत्र्याची. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि दोन किलोच्या पिल्लाला स्नायू असतात किती? तिचं मोठ्या कुत्र्यापेक्षा कमीच असायला हवं. त्यामुळे १.९ ला ‘थोडंसं वाढलंय’ म्हणून सोडू नका. फॉस्फरसचं बरोबर उलटं. हाडं वाढत असतात म्हणून पिल्लात तो मुळातच जास्त असतो, तेव्हा ८.१ बघून लगेच फॉस्फरस बांधणारं औषध सुरू करायची घाई नको. बीयूएन चिकन खाल्ल्यावरही चढतो. पण म्हणून तपासणीला रक्त द्यायच्या आधी तिला रात्रभर उपाशी ठेवू नका, एवढ्या लहान जातीच्या पिल्लाची साखर झपकन उतरते.

माझ्याशी सगळ्यात जास्त बोलतोय तो लघवीच्या घनतेचा १.०१० हा आकडा. किडनीचं काम उसाचा रस आटवून गूळ करण्यासारखं असतं. रक्तातल्या पाण्याची घनता साधारण १.००८ ते १.०१२, आणि तुमच्या पिल्लाची लघवी नेमकी त्यातच बसतेय. म्हणजे कढईत घातलेला रस न आटता तसाच बाहेर येतोय. बीयूएन चढलेल्या कुत्र्याची लघवी खरं तर १.०३० च्या वर हवी. एक अट मात्र आहे: हा आकडा लघवीत बुडवायच्या पट्टीवरून काढला असेल तर तो धरू नका, कुत्र्यांमध्ये ती पट्टी या बाबतीत भरवशाची नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (घनता मोजायचं छोटं यंत्र) बघायला सांगा. दोन थेंब लागतात.

पाण्याचं तुम्ही मोजलंत ते उत्तम केलंत. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं की आम्ही त्याला जास्त म्हणतो. तुमचं दीडशेच्याही पुढे आहे. आता काकांना हात जोडून सांगा, वाटी उचलायची नाही, रात्री तर नाहीच. तिची किडनी पाणी राखू शकत नाही. जेवढं जातंय तेवढं ती पिऊन भरून काढतेय. वाटी उचललीत तर सकाळपर्यंत ती सुकेल आणि उरलेली किडनीही दुखावेल. जवाच्या पाण्याचं आणि गोखरूचंही तेच. या उपायांमागचा हेतू लघवी वाढवण्याचा. हिची लघवी अडलेली नाहीच, ती पातळ होतेय. सासूबाईंना दुखवू नका, पण काढा नको.

सोनोग्राफीचं वर्णन आणि वय बघता जन्मतःच किडनी नीट न घडल्याची शंका येते. शिह त्झू आणि ल्हासा या जातींत हे माहितीतलं आहे. पक्कं निदान किडनीचा तुकडा काढूनच होतं. तो बहुतेक वेळा काढत नाही, कारण त्याने उपचार बदलत नाहीत.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा: रक्तातलं कॅल्शियम. तुमच्या यादीत ते दिसलं नाही. पपी फूडमध्ये कॅल्शियम हिशेबाने घातलेलं असतंच. त्यावर ड जीवनसत्त्वासकट सिरप गेलं तर रक्तातलं कॅल्शियम चढू शकतं, आणि चढलेलं कॅल्शियम एकट्यानेच कुत्र्याला भरपूर प्यायला आणि पातळ मुतायला लावतं. किडनीलाही मारतं. रिपोर्ट येईपर्यंत सिरप थांबवायचं का, हे तुमच्या डॉक्टरांना आजच फोनवर विचारा. मी थांबवलं असतं.

लघवीचा कल्चरही (नमुन्यात जंतू वाढतात का ही तपासणी) करून घ्या, सुईने थेट मूत्राशयातून घेतलेल्या नमुन्याचा. एवढ्या पातळ लघवीत पस सेल्स दिसले नाहीत म्हणून इन्फेक्शन नाहीच असं म्हणता येत नाही. कल्चरशिवाय अँटिबायोटिक सुरू करायला माझा विरोध आहे. जेंटामायसिन आणि अमिकासिन तर नकोच, ती किडनीवरच बसतात.

आता तुमचा मूळ प्रश्न. प्रोटीन पूर्ण बंद हा सल्ला मला पटत नाही. वाढत्या पिल्लाच्या खाण्यात, कोरड्या वजनावर धरलं तर, किमान २२.५ टक्के प्रोटीन लागतं असं अमेरिकी मानक आहे आणि आम्ही तेच वापरतो. मोठ्या कुत्र्यांचं किडनीचं खाणं त्याच्या बरंच खाली असतं. तेवढ्यावरच ठेवलंत तर ती वाढायची थांबेल, आणि बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून युरिया करतं. मग मिळवलं काय? या वयात फॉस्फरस आवरणं जास्त मोलाचं. प्रोटीन थोडं कमी पण कसदार, आणि पोट भरेल एवढ्या कॅलरी. काही पशुवैद्य वाढीचं आणि किडनीचं खाणं मिसळून देतात आणि दर काही आठवड्यांनी वजन व रक्त बघून प्रमाण हलवतात. मलाही तोच रस्ता बरा वाटतो.

घरच्यापैकी अंड्याचं पांढरं, शिजवून, सगळ्यात चांगलं. प्रोटीन उत्तम आणि फॉस्फरस नावापुरता. पिवळ्यात तो भरपूर, म्हणून पिवळं तुम्ही खा. चिकन चालेल, थोडं, आणि उकडलेलं पाणी फेकून द्यायचं. हाडं, हाडांचं सूप, कलेजी, पनीर, सुकट बंद. दूध-पोळी हळूहळू सोडवा. नुसता भात-चिकन हेही पिल्लाचं पूर्ण अन्न नाही, त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. आता कॅल्शियम नको म्हणालात आणि लगेच नसतं म्हणता, असं वाटेल. म्हणूनच आधी रिपोर्ट हवा.

द्राक्षं, मनुका आणि चिंच घरात कुठे पडू देऊ नका. यातल्या टार्टारिक आम्लाने कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. चिंचेच्या आमटीतला भातसुद्धा नको. माणसांची दुखण्यावरची गोळी, आयबुप्रोफेनची वगैरे, कधीच नाही.

तिच्या जबड्यावरून रोज हलका हात फिरवत जा. वाढत्या वयात किडनी गेली की शरीर हाडातून कॅल्शियम ओढतं आणि सगळ्यात आधी जबड्याचं हाड मऊ पडतं. तोंड फुगल्यासारखं दिसतं, दात हलतात. चार महिन्यांत दुधाचे दात पडतात तेवढ्याने घाबरू नका, पण हाड दाबल्यावर लवतंय असं वाटलं तर थांबू नका.

तुम्हाला शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. जाताना सगळे जुने कागद न्या. रक्तदाबही मोजायला सांगा.

खोडरबर:
चिंचेचं माहीत नव्हतं. आमचा बोका आमटीभात खातो. घाबरायचं का?

गोठा-दवाखाना:
मांजराबद्दल तेवढं पक्कं सांगता येत नाही. पण आमटीत कांदा-लसूणही असतो, तो मांजराच्या रक्तपेशी मोडतो. बंद करा.

कृष्णाकाठ:
डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. शिरवळला जाऊन आलो. रिफ्रॅक्टोमीटरवर १.०११ आलं. कल्चर स्वच्छ आहे. कॅल्शियम १२.४ आलं. पिल्लात थोडं जास्त असतं, पण हे त्याच्याही वर वाटतंय असं म्हणाले. सिरप बंद केलंय, आयोनाइज्ड (रक्तातल्या मोकळ्या) कॅल्शियमला नमुना पाठवलाय, आणि क्रिएटिनिन पुन्हा बघायचंय. किडन्या लहान आहेत त्या सिरपमुळे झालेल्या नाहीत, मुळात दोष असावा आणि वर सिरपचा भार पडला असावा, असा त्यांचा अंदाज आहे. खाणं अर्धं-अर्धं मिसळून द्यायला सांगितलंय.

अडचण वेगळीच झालीय. बुंदी किडनीच्या खाण्याला तोंड लावत नाही. पपी फूडचे दाणे वेचून खाते, बाकीचे वाटीबाहेर एकेक करून ओळीत मांडून ठेवते. यजमान म्हणतात, भूक लागली की खाईल.

गोठा-दवाखाना:
खाणार नाही, आणि एवढ्या पिल्लाला भुकेशी झुंजवायचंही नाही. दोन्ही कोमट पाण्यात भिजवून एकजीव करा, म्हणजे वेचता येणार नाही. किडनीचा भाग आधी चमचाभरच, मग वाढवत न्या. दिवसाचं चार वेळांत वाटा, अंड्याचं पांढरं कुस्करून वर. ज्या सकाळी फेस ओकेल त्या वेळी नवं खाणं पुढे करू नका, मळमळीत खाल्लेली चव कुत्रं कायमची टाकतं. मळमळीवर औषध आहे, ते मागून घ्या. औषधाची पूड या वाटीत मिसळू नका, वेगळी द्या.

शेरूची आई:
आमचीला कोमट केल्यावरच वास आवडायचा. गरम नको, बोट बुडवून बघायचं.

कृष्णाकाठ:
आज कालवून दिलं, अर्ध्याहून जास्त गेलं. सासूबाई अंडं उकडून स्वतः सोलतात, आता ते खातं त्यांच्याकडे आहे. शेवटचं विचारते, लेप्टोची लस द्यायची का? घरामागे उसाचं शेत आहे, उंदीर आहेतच.

गोठा-दवाखाना:
मारलेल्या जंतूंची लस असते ती, किडनीचा त्रास आहे म्हणून टाळायची नसते. उलट हिला लेप्टो झाला तर झेपणार नाही. ओकणं थांबून वजन चढायला लागलं की पहिला डोस, मग दोन ते चार आठवड्यांनी दुसरा. तोवर शेताच्या बाजूच्या साठलेल्या पाण्यात सोडू नका. पुढे नसबंदी करायची झाली तर भूल देणाऱ्याला किडनीचं आधी सांगा, सलाईन लावूनच भूल द्यावी लागेल. आयोनाइज्ड कॅल्शियम आलं की आकडा इथे टाका.